संशोधनातील पडताळा आणि मुक्त विज्ञानाची व्यावहारिक कौशल्ये

ज्ञानेश्वरीच्या भाषेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यापुढे आरंभीच एक प्रश्न उभा राहतो : कोणती ज्ञानेश्वरी? हा ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु सच्चिदानंदबाबांच्या हातची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. पुढील तीन शतकांत नकलांवरून नकला होत गेल्या, पाठ भ्रष्ट झाले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी ग्रंथाचे शोधन करून शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्यासमोर कोणत्या पोथ्या होत्या, कोणत्या ओवीतील कोणता पाठ टाकला व कोणता स्वीकारला, याची नोंद मात्र त्यांनी मागे ठेवलेली नाही. त्यांचे कार्य भक्तिभावाने झालेले होते, आणि आधुनिक पाठचिकित्सेची अपेक्षा त्यांजकडून करणे अन्यायाचे होईल. तथापि नोंद नसल्यामुळे एकनाथांच्या हातून काय बदलले, हे सांगण्याचे साधन आपणांपाशी राहिलेले नाही, ही गोष्ट खरी.

या प्रश्नाला १९०९ साली नवे वळण मिळाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्याला मिळालेली एक पोथी एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन करून तिच्या आधारे ज्ञानेश्वरी छापली, आणि त्याच सुमारास ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही प्रसिद्ध केले. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा पाया घालणारे ते काम होते. परंतु पुढे ती पोथी नाहीशी झाली. तिचा कागद, तिचे अक्षरवळण, तिच्यातील खाडाखोड यांची परीक्षा आता कोणालाही करता येत नाही. राजवाड्यांनी नोंदविलेले एखादे रूप खरोखर तेराव्या शतकातील, की नंतरच्या नकलकाराचे, की पोथी लावताना झालेल्या वाचनदोषाचे, या प्रश्नावर वाद घालता येतो. निर्णय देता येत नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. याच राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले, आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. मूळ साधने सर्वांपुढे मांडण्याचे महत्त्व त्यांच्याइतके फार थोड्यांनी ओळखले होते. असे असूनही एक पोथी गेली, आणि तिच्याबरोबर एका मोठ्या ग्रंथाचा पडताळाही गेला. यावरून घ्यावयाचा बोध असा की, साधने खुली असावीत ही इच्छा पुरेशी नसते. तिला रोजच्या कामातील सवयींची व व्यवस्थेची जोड द्यावी लागते. आज ज्यास 'मुक्त विज्ञान' म्हणतात, त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच आहे, आणि त्या सवयी कोणत्या व त्या कशा शिकाव्यात, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. संज्ञा आणि पूर्वपरंपरा

'मुक्त विज्ञान' या संज्ञेत संशोधनाचे निष्कर्ष, त्यांमागील सामग्री, ती हाताळण्याची पद्धती व साधने ही सर्व इतरांस पाहता, तपासता आणि पुन्हा वापरता यावीत, असा आशय आहे. युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये या विषयावरील शिफारस स्वीकारली. तीत 'विज्ञान' या शब्दाची व्याप्ती सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांच्यापर्यंत नेलेली आहे. म्हणून हा विषय प्रयोगशाळेतील मंडळींचा, आपला नव्हे, असे भाषेच्या अभ्यासकास म्हणता येणार नाही.

किंबहुना ही कल्पना आपल्याकडे अगदी नवी आहे असेही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली व १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली. प्रत्येक पृष्ठावर वर संपादकाने स्वीकारलेला पाठ आणि खाली कोणत्या हस्तलिखितात त्याऐवजी काय आढळते याची नोंद, अशी तिची रचना आहे. वि. स. सुखठणकरांचा निर्णय ज्यास मान्य नसेल, त्यास त्याच पृष्ठावरील सामग्री घेऊन वेगळा निर्णय करता येतो. म्हणजे आपल्या मताचे खंडन करण्याचे साधन संपादकाने स्वतःच वाचकाच्या हाती दिलेले आहे. याच आवृत्तीची संहिता पुढे क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात उतरविली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती सुधारली, आणि आज ती कोणासही विनामूल्य मिळते.

दुसरे उदाहरण पुन्हा नेवाशाचेच घेता येईल. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी तेथे उत्खनन केले, आणि त्याचा विस्तृत अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. उत्खननात पुरावा वाचला जातो तसतसा तो नष्टही होत जातो, कारण काढलेला थर परत बसविता येत नाही. म्हणून थरांच्या आकृत्या, मोजमापे व वस्तूंची वर्णने यांत जे उतरले, तेच पुढील पिढीस मिळते. याच जिल्ह्यात संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली सापडलेल्या रंगीत खापरांचे वर्णन १९५५ च्या अहवालात आले. त्यामुळे १९६८ पासून पुणे जिल्ह्यातील इनामगावी निघालेल्या तशाच खापरांना 'जोर्वे' या नावाने ओळखता आले. एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते ती अशी.

२. आजची निकड

छापील पृष्ठावर सर्व सामग्री मावत नाही, ही सबब पूर्वी ग्राह्य होती. ती आज उरलेली नाही. उलट पडताळ्यावाचून स्वीकारलेल्या निष्कर्षांचे दुष्परिणाम अधिक स्पष्ट झाले आहेत. मानसशास्त्रातील शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा सामूहिक प्रयत्न झाला व त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ फल मिळाले होते. पुनरावृत्तीत तसे फल ३६ टक्क्यांतच मिळाले.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे उदाहरण अर्थशास्त्रातील आहे. राइनहार्ट व रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली, ज्या देशांचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक असते त्यांची वाढ खुंटते, असा निष्कर्ष मांडला. अनेक देशांतील धोरणचर्चेत त्याचा आधार घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या संशोधक विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून ते गणित पुन्हा करून पाहिले, ते जुळेना. त्याने मूळ तक्ता मागविला व लेखकांनी तो दिला. सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या, काही वर्षे वगळली गेली होती, आणि देशांना दिलेला भारही वादग्रस्त होता. लेखकांच्या मते जी सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती, ती २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत २.२ टक्के ठरली. तक्ता मिळाला नसता तर वाद मतामतांचाच राहिला असता.

३. सामग्रीची सिद्धता

कौशल्यांचा विचार एका कल्पित उदाहरणावरून करणे सोयीचे होईल. समजा, एका विद्यार्थिनीने अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर समाजांच्या बोलींतील क्रियापदरूपांचा अभ्यास हाती घेतला आहे. ती राजूर व आसपासच्या गावांत ध्वनिमुद्रणे करणार, त्यांचे लेखन करणार, तक्ते करणार व प्रबंध लिहिणार.

तिने प्रथम शिकावयाची गोष्ट म्हणजे मूळ सामग्रीस हात न लावणे. ध्वनिमुद्रण शक्यतो न दाबलेल्या, म्हणजे वेव्ह स्वरूपात करावे, ते 'मूळ' नावाच्या कप्प्यात ठेवावे, आणि पुढील सर्व संस्कार त्याच्या प्रतीवर करावेत. मूळ, संस्कारित व निष्कर्ष असे तीन कप्पे वेगळे असावेत. मूळ कप्प्याच्या तीन प्रती असाव्यात, व त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी असावी. फायलीचे नाव रोमन लिपीत, मधे मोकळी जागा न सोडता, गाव, दिनांक व निवेदकाचा क्रमांक या ठराविक क्रमाने द्यावे. दिनांकात वर्ष प्रथम, नंतर महिना, नंतर दिवस असा क्रम ठेविल्यास फायली आपोआप कालक्रमाने लागतात. 'अंतिम', 'अंतिम नवी', 'खरी अंतिम' अशी नावे टाळावीत. दोन वर्षांनी त्यांचा अर्थ स्वतःसही लागत नाही.

दुसरी गोष्ट परिचयनोंदीची. प्रत्येक संग्रहासोबत साध्या मजकुराची एक फाईल असावी. तीत ही सामग्री कोणी, कोठे, केव्हा, कशासाठी व कोणत्या यंत्राने जमविली, निवेदकांचा वयोगट, शिक्षण व मातृभाषा काय, तक्त्यातील प्रत्येक स्तंभाचा अर्थ कोणता, हे लिहावे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातील नमुने आजही मोलाचे आहेत. परंतु नमुना देणारा कोण, किती वयाचा, किती शिकलेला, हे बहुतांशी कळत नाही, आणि तेवढ्यापुरती त्यांची किंमत उणी होते. उलट डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या मराठी बोलींच्या अलीकडील सर्वेक्षणात ध्वनिमुद्रणे व नकाशे महाजालावर सर्वांस खुले केलेले आहेत. आपल्या विद्यार्थिनीने घराबाहेर पडण्यापूर्वी तो संग्रह पाहावा, आणि आपली प्रश्नावली शक्य तेथे त्याच्याशी जुळती ठेवावी. म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल.

तिसरी गोष्ट लिपीची. मराठीच्या अभ्यासकास ती इतरांहून अधिक जाचते. जुन्या मुद्राक्षरसंचांत टंकलिखित केलेला मजकूर तो संच नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो. म्हणून सर्व लेखन युनिकोडमध्येच असावे, व फाईल यूटीएफ-८ या संकेतात साठवावी. एवढ्यानेही काम संपत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. परंतु 'दऱ्या'मधील र हा संगणकात स्वतंत्र ऱ या अक्षराने, अथवा र व नुक्ता यांच्या जोडीने, अथवा र, हलन्त व एका अदृश्य जोडचिन्हाने साठविलेला असू शकतो. डोळ्यास तिन्ही सारखेच. शोध घेणाऱ्या यंत्रास मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात, आणि शब्दांची वारंवारिता मोजताना गणित चुकते. यास्तव एकच पद्धत ठरवावी, ती परिचयनोंदीत सांगावी, व मोजणीपूर्वी सर्व मजकूर त्या पद्धतीत आणून घ्यावा. तसेच तक्त्यातील आकडे देवनागरीत लिहिल्यास पुष्कळ आज्ञावल्या त्यांस संख्या न मानता अक्षरे मानतात, याचेही भान ठेवावे.

चौथी गोष्ट विश्लेषणाची. माउसने केलेल्या कृती मागे खूण ठेवीत नाहीत. लिहिलेल्या आज्ञा ठेवतात. म्हणून गणन, वर्गीकरण व आकृत्या ही कामे आर किंवा पायथॉन यांसारख्या भाषांतील आज्ञा लिहून करावीत, आणि त्या आज्ञा सामग्रीसोबत जतन कराव्यात. फायलींत वेळोवेळी होणारे बदल टिपण्यासाठी गिट हे साधन आहे. ते अवघड वाटल्यास दिनांकवार बदलांची एक साधी वही ठेवावी, पण ती ठेवावीच. ध्वनिविश्लेषणासाठी अॅम्स्टरडॅम येथे तयार झालेले प्राट आणि ध्वनिमुद्रणावर टिपणे करण्यासाठी नायमेखन येथील एलान, ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. त्यामुळे आपले काम तपासणाऱ्यास महागडी सामग्री विकत घ्यावी लागत नाही.

पाचवी गोष्ट पूर्वनोंदणीची. अभ्यासात एखादे गृहीतक कसोटीस लावावयाचे असेल, तर ते, नमुन्याचा आकार व विश्लेषणाची रीत ही सामग्री हाती येण्यापूर्वी लिहून, ओ.एस.एफ. सारख्या खुल्या नोंदणीस्थळी दिनांकासह ठेवावीत. यात पुढे बदल करण्यास मज्जाव नाही. बदल केला हे सांगावे लागते, इतकेच. ज्या अभ्यासाचे स्वरूप मुळात शोधक आहे, त्याने तसे स्पष्ट म्हणावे. सामग्री पाहून सुचलेली कल्पना आधीच सुचली होती असे भासविणे, हा दोष यामुळे टळतो.

४. खुलेपणाची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून सर्व काही सर्वांपुढे ठेवणे हेच योग्य, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. पोथी बोलत नाही. निवेदक बोलतो, आणि त्याच्या बोलण्याचे परिणाम त्यास भोगावे लागू शकतात. पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. अशा कुटुंबातील एखादी बाई बोलीचा नमुना म्हणून सहज आपली हकीकत सांगू लागते, आणि तीत मुकादमाने दिलेली उचल, तिची फेड, झालेली भांडणे हे सर्व येते. भाषाभ्यासकाचे लक्ष तिच्या क्रियापदांकडे असते. गावातील ऐकणाऱ्याचे लक्ष मजकुराकडे जाईल. नाव गाळले तरी आवाज ओळखू येतो.

म्हणून संमती ही एका सहीने मिळणारी वस्तू समजू नये. अभ्यासासाठी मुद्रण करणे, प्रबंधात उतारा देणे, केवळ अभ्यासकांस ऐकविणे, आणि महाजालावर सर्वांस खुले करणे, या चार गोष्टींना स्वतंत्रपणे, निवेदकाच्या भाषेत समजावून संमती घ्यावी. ती पुढे मागे घेता येईल हेही सांगावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासंबंधीचा २०२३ चा कायदाही अभ्यासकाने वाचलेला असावा. ज्या सामग्रीचे मुद्रण खुले करता येत नाही, तिची परिचयनोंद मात्र खुली ठेवता येते. म्हणजे सामग्री अस्तित्वात आहे, कोठे आहे व कोणत्या अटीवर पाहता येईल, हे इतरांस कळते. २०१६ साली मांडल्या गेलेल्या 'फेअर' तत्त्वांचा, म्हणजे सामग्री सापडावी, मिळावी, इतर सामग्रीशी जुळावी व पुन्हा वापरता यावी या चार अपेक्षांचा, याच्याशी विरोध नाही. त्यांस पूरक म्हणून २०१९ साली आलेली 'केअर' तत्त्वे तर ज्या समाजाची सामग्री, त्या समाजाचे हित व अधिकार यांस अग्रस्थान देतात. अकोल्यातील बोलींचा संग्रह त्या गावांतील शाळेस ऐकता येईल अशा रूपात परत करणे, हा या तत्त्वाचा साधा अर्थ होय.

५. जतन व प्रसिद्धी

सामग्री स्वतःच्या संगणकावर किंवा वैयक्तिक संकेतस्थळावर ठेवणे म्हणजे जतन नव्हे. राजवाड्यांची पोथीही त्यांच्यापाशीच होती. जतनासाठी संस्थेचे अथवा सार्वजनिक संग्रहागार लागते. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ पासून चालविलेले झेनोडो हे असे एक संग्रहागार असून तेथे कोणत्याही विषयाची सामग्री विनामूल्य ठेवता येते. ठेवलेल्या प्रत्येक संग्रहास डी.ओ.आय. हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो, व सुधारलेल्या आवृत्तीस वेगळा क्रमांक मिळून जुनी आवृत्तीही राहते. एकनाथांपूर्वीची प्रत व नंतरची प्रत दोन्ही हाती असाव्यात, असे ज्यास वाटते त्यास या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगावयास नको. संशोधकाने स्वतःसाठी ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक घ्यावा. नावांच्या लेखनभेदांमुळे होणारा घोटाळा त्याने टळतो.

खुली ठेवलेली वस्तू वापरण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी परवाना लिहावा लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी 'सी.सी.-बाय' हा श्रेय देण्याची एकच अट घालतो. व्यापारी वापरास मनाई करणारे व बदल करू न देणारे परवानेही आहेत. निवेदकांनी दिलेल्या संमतीशी जो जुळतो, तोच निवडावा.

लेखाच्या प्रसिद्धीविषयी दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र एक वर्गणी' या योजनेमुळे शासकीय उच्च शिक्षणसंस्थांतील वाचकांस हजारो नियतकालिके वाचता येऊ लागली. ही सोय मोठी आहे. परंतु ती वर्गणी होय, मुक्त प्रवेश नव्हे, कारण संस्थेबाहेरच्या वाचकास तिचा लाभ होत नाही. आपला लेख सर्वांस मिळावा असे वाटत असल्यास, प्रकाशकाच्या नियमांनुसार लेखाची स्वीकृत प्रत संग्रहागारात ठेवता येते काय, हे करारावर सही करण्यापूर्वी पाहावे. पुष्कळदा त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. प्रबंधांसाठी गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे शोधगंगा हे संग्रहागार आहेच. परंतु प्रबंध तेथे असणे व प्रबंधाची सामग्री उपलब्ध असणे, या भिन्न गोष्टी आहेत. प्रबंधात त्या सामग्रीचा ओळखक्रमांक देऊन तो दुवा जोडावा. भाषाशास्त्रज्ञांनी २०१८ साली जाहीर केलेली ऑस्टिन तत्त्वे सामग्रीस ग्रंथाप्रमाणेच अवतरणाचा मान देण्यास सांगतात, ते यासाठीच.

६. शिकण्याची रीत

आपली मेहनत दुसरा कोणी नेईल, ही भीती अनेकांस वाटते व ती निराधार नाही. तीवर उपाय लपविण्यात नसून नोंदीत आहे. दिनांकित ओळखक्रमांक हा अग्रहक्काचा पुरावा असतो, आणि प्रबंध पूर्ण होईपर्यंत सामग्री ठराविक मुदतीसाठी बंद ठेवण्याची सोयही संग्रहागारांत असते. दुसरा आक्षेप वेळेचा. या सवयींस आरंभी वेळ लागतो हे खरे. पण तीन वर्षांपूर्वीचा आपलाच तक्ता उलगडण्यात जाणारा वेळ त्याहून पुष्कळ अधिक असतो.

ही कौशल्ये व्याख्यानाने येत नाहीत, करण्याने येतात. पदव्युत्तर वर्गासाठी एक कसोटी सुचवावीशी वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम महाजालावर उपलब्ध असलेला एखादा लहान संग्रह घेऊन त्यावर आधारलेल्या लेखातील एकच तक्ता पुन्हा तयार करावा. नंतर स्वतःच्या लघुप्रबंधाचा कप्पा शेजारी बसणाऱ्यास द्यावा. त्याने लेखकास एकही प्रश्न न विचारता पहिला तक्ता जसाच्या तसा काढून दाखवावा. जेथे तो अडेल, तेथे परिचयनोंदीत काय राहिले हे कळेल. ते लिहून काढावे व कप्पा तिसऱ्याकडे द्यावा. मार्गदर्शकांनी प्रबंध स्वीकारण्यापूर्वी हीच कसोटी लावावी. नेवाशाच्या पोथीविषयी आज जे प्रश्न आपण कोणासही विचारू शकत नाही, तसे प्रश्न आपल्या कामाविषयी पुढच्या अभ्यासकास पडले, तर त्यांची उत्तरे त्याला त्या कप्प्यातच सापडली पाहिजेत.